४७३च्या जागी ४७४

दोन महिन्यांपूर्वी या पानावर गिटारच्या पेडलविषयी, म्हणजे पायानं दाबून गिटारचा आवाज बदलायच्या डबीविषयी, चार ओळी लिहिल्या आणि पत्रांची तऱ्हाच बदलली. एरवी मोटारीचा स्टार्टर आणि जळालेला इन्व्हर्टर यापलीकडं कुणी काही विचारत नसे. संपादकांनी फोनवर विचारलं, "मराठवाड्यात इतके गिटारवाले आहेत का हो?" मी म्हटलं, गिटार नसेल तर बेंजो असतो, बेंजो नसेल तर तुणतुणं, तारेला करंट जोडायची हौस आपल्याकडं जुनीच आहे. पाच पत्रं निवडली आहेत.

प्रश्न : सर, मी उदगीरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ट्यूब स्क्रीमरच्या धर्तीवर ओव्हरड्राइव्ह पेडल बनवलं. आयसी ४५५८, डायोड १एन४१४८. पातळ तारा झकास वाजायल्यात, पण जाड तारांवर कॉर्ड मारली की नुसता गदगद आवाज येतो, भिजलेलं पोतं बडवल्यासारखा. टोनचा नॉब कुठंही फिरवा, जात नाही. गेनच्या बाजूला ४.७ केचा रेझिस्टन्स आणि त्याच्यासोबत ४७४ लिहिलेला कपॅसिटर आहे. फीडबॅकला ५१ के, ५०० केचा पॉट आणि ५१ पीएफ. टोनला १ के आणि २२४. आयसी दोनदा बदलला. मित्र म्हणतो, दोन्ही नकली निघाले.
— एक विद्यार्थी, उदगीर

उत्तर : माझ्या नातवाच्या वयाचा आहेस, म्हणून अरे-तुरे करतो. आयसी चांगले आहेत. मित्राला चहा पाज आणि त्या ४७४कडं बघ.

कपॅसिटरवरचा तिसरा आकडा म्हणजे पुढं किती शून्यं लावायची ते. ४७३ म्हणजे ४७ वर तीन शून्यं, ४७,००० पिकोफॅरड, म्हणजे ०.०४७ मायक्रोफॅरड. ४७४ म्हणजे ०.४७. पेडलच्या नकाशात, म्हणजे सर्किटच्या आकृतीत, ०.०४७ आहे. दुकानदारानं पुडीत दहापट माल दिला आणि तू तो बसवलास. एका शून्याची गोष्ट, पण सगळा आवाज त्याच शून्यात आहे.

आता हिशेब. आयटीआयच्या पोरांना मी पाय आणि कंस लावलेलं सूत्र कधी शिकवलं नाही. १५९ हा आकडा पाठ करायचा. रेझिस्टन्स केमध्ये (हजार ओहममध्ये), कपॅसिटर मायक्रोफॅरडमध्ये, दोघांचा गुणाकार करायचा आणि १५९ला त्यानं भागायचं, उत्तर हर्ट्झमध्ये. आवाज जिथून घटायला लागतो ती ही जागा, तिला मी वळण म्हणतो. ४.७ गुणिले ०.०४७ म्हणजे ०.२२. भागाकार आला ७२०. तुझ्या कपॅसिटरनं तोच आकडा ७२ केला. गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजते ८२ हर्ट्झला. म्हणजे नकाशा काढणाऱ्यानं ७२० हर्ट्झपासून खाली उतरती वाट ठेवली होती, तू ती जाड तारेच्याही खाली नेलीस.

या ठिकाणी ७२०च्या खालचा आवाज मरत नाही, हे नीट समजून घे. ऑप-अँपचा, म्हणजे तुझ्या ४५५८चा, गेन (आवाज किती पट वाढतो तो आकडा) तिथून खाली सप्तकागणिक साधारण निम्मा होत जातो आणि शेवटी १ वर येऊन थांबतो. १ म्हणजे जसा आला तसा पुढं गेला. ड्राइव्हचा ५०० केचा पॉट पूर्ण उघडला की फीडबॅकला ५५१ के असतात, त्यामुळं वरच्या सुरांना ११८पट गेन मिळतो. ८२ हर्ट्झला ०.०४७ असेल तर मिळतो जेमतेम १३पट. तुझ्या पेडलमध्ये त्याच तारेला ८९पट मिळतोय. जवळजवळ सातपट फुगलेला खर्ज जाऊन लाटेची टोकं कापणाऱ्या डायोडवर आदळतो.

आणि डायोडवर आदळल्यावर काय होतं? तू पेटीवर गात असशील तर लगेच कळेल. जाड तारेचा सूर सा धर. समोरासमोर लावलेले सारखे डायोड दोन सूर एकत्र आले की त्यांच्यातून नवे सूर जन्माला घालतात: एकाची दुप्पट वजा दुसरा, एकाची दुप्पट अधिक दुसरा, असे. सा आणि प वाजवलास तर ८२ आणि १२३ हर्ट्झ (अपूर्णांक सोडलेत, म्हणून पुढं एखाद्या हर्ट्झचा फरक दिसेल). दुप्पट सा वजा प आला ४१, म्हणजे खालचा सा. दुप्पट प वजा सा आला १६५, वरचा सा. घरचेच पाहुणे. (दुप्पट सा अधिक प २८८ला येतो, जरा उतरलेला कोमल निषाद, पण तो या लोकांना चालतो, ब्लूजमध्ये तर मुद्दाम बोलावतात.) आता सा आणि शुद्ध ग वाजव, ८२ आणि १०४. दुप्पट सा अधिक ग आला २६९ हर्ट्झ. हा सूर कोमल धैवत आणि शुद्ध धैवत यांच्या अगदी मधोमध पडतो. कुठल्याच पट्टीत नाही. पूर्ण कॉर्डमध्ये पाच-सहा तारा आणि प्रत्येक तारेचे वरचे स्वर, म्हणजे असे बेवारस सूर डझनानं. डिस्टॉर्शनवाले दोनच सुरांची कॉर्ड का वाजवतात, याचं उत्तर यात आहे.

टोनचा नॉब डायोडच्या नंतर बसतो. हे सूर तयार झाल्यावर तो फक्त वरची धार कमी-जास्त करतो. गदगद त्याच्या हातातच नाही. खर्ज कापायचा तो डायोडच्या आधी.

हे मी शहाणपणानं सांगत नाही, ठेच खाऊन सांगतोय. लातूरला गंजगोलाईजवळ माझं बाकडं होतं तेव्हा अंबाजोगाईच्या एका बेंजो पार्टीनं प्रीअँप करायला दिला. मी उदार मनानं सगळीकडं १ मायक्रोफॅरड टाकले. खर्ज भरपूर हवा ना! बेंजोच्या पट्ट्या टाइपरायटरसारख्या असतात, दर दाबण्याला खटका. तो खटका आणि बेंजोच्या लाकडी पेटीचा ठोका माझ्या प्रीअँपनं असा फुगवला की वरातीत भोंग्यातून गाणं कमी आणि सुतारकामच जास्त ऐकू येत होतं. भोंग्याला तर खालचा आवाज काढताच येत नाही, तो फक्त अँपचा जीव खातो. रात्री अकराला नवरदेवाच्या मामानं मला मंडपाबाहेर बोलावून घेतलं. दुसऱ्या दिवशी १ मायक्रोफॅरड काढून ०.०४७ टाकला. मामांना ते कळवायची हिंमत झाली नाही.

तुला करायचं ते एवढंच. आयसीच्या सॉकेटचे दोन-दोन पायांचे तुकडे कापून कपॅसिटरच्या जागी डाख लाव. मग डाख न काढता कपॅसिटर बदलता येतो. आधी ४७३ घाल. एकेरी कॉइलचा पिकअप असेल आणि आवाज बारीक वाटला तर १०४ घालून बघ. वळण ३३८ हर्ट्झला येतं आणि जाड तारेला २८पट गेन मिळतो. हंबकरला, म्हणजे दुहेरी कॉइलच्या पिकअपला, मी ४७३च ठेवीन. ४७४ टाकून देऊ नको, बेस गिटारवाला मित्र भेटला तर त्याच्या पेडलला तोच लागेल.

आणखी एक गंमत. टोनचा १ के आणि ०.२२ यांचा हिशेब कर. १५९ भागिले ०.२२, पुन्हा ७२०च्या आसपास. एक कपॅसिटर ७२०च्या खालचं कमी करतो, दुसरा ७२०च्या वरचं. दोघांच्या मध्ये जो उंचवटा उरतो, त्याच आवाजासाठी लोक जुन्या पेडलला एवढे पैसे मोजतात. तो उंचवटा आयसीवर छापलेल्या अक्षरांतून येत नाही.

प्रश्न : जालन्यात ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. डिस्टॉर्शन प्लससारखं पेडल आहे, त्यात ७४१ आयसी आहे. ७४१ जुनाट आहे, टीएल०७१ लावा असं सगळे सांगतात. लावला तर आवाज उलट कर्कश झाला. चांगला आयसी लावून आवाज बिघडतो कसा?
— एक वादक, जालना

उत्तर : चांगला म्हणजे कशासाठी चांगला, हे विचारायचं राहून गेलं.

७४१चा गेन आणि बँडविड्थ (आवाजाची वरची हद्द) यांचा गुणाकार साधारण १० लाख हर्ट्झ. जितका गेन मागाल तितकी वरची हद्द खाली येते. तुमच्या पेडलमध्ये फीडबॅकला १ मेगा आणि गेनच्या बाजूला नॉब पूर्ण उघडल्यावर उरतात ४.७ के. गेन झाला २१३च्या आसपास. १० लाख भागिले २१३ म्हणजे ४,७०० हर्ट्झ. त्याच्या वरचं सगळं ७४१ स्वतःच गिळून टाकतो. म्हणजे तुमच्या पेडलमध्ये धार कापणारा एक फिल्टर होता, फक्त तो नकाशात कुठं काढलेला नव्हता. टीएल०७१चा तोच गुणाकार ३० लाख. हद्द गेली १४,००० हर्ट्झवर. शिवाय ७४१चं व्होल्टेज एका मायक्रोसेकंदात अर्धा व्होल्ट चढतं, टीएल०७१चं १३ व्होल्ट. तुम्ही आळशी माणूस काढून चपळ बसवला आणि तो चपळपणे डायोडची सगळी किरकिर बाहेर आणून देतोय.

दोन वाटा आहेत. ७४१ परत बसवा, लाजायचं कारण नाही. नाहीतर टीएल०७१ ठेवून फीडबॅकच्या १ मेगाला समांतर ३३ पीएफचा बिस्किट कपॅसिटर जोडा. १५९ भागिले १००० गुणिले ०.००००३३, म्हणजे ४,८०० हर्ट्झ. जुनी हद्द परत आली, आणि आता ती तुमच्या हातात आहे. ४७ पीएफ घातलात तर ३,४००वर येईल. मी हेच करीन.

वरच्या उदगीरच्या पोराला मात्र आयसी बदलून काहीच मिळणार नाही. त्याचा ४५५८ ३० लाखांचा, गेन ११८, हद्द २५,००० हर्ट्झ. आणि ५१ पीएफनं ५५१ केसोबत ती आधीच ५,७००वर आणून ठेवली आहे. जो फिल्टर आधी लागतो, तोच ऐकू येतो. रॅट नावाच्या पेडलचे शौकीन एलएम३०८ आयसीसाठी जीव टाकतात त्याला मात्र थोडा अर्थ आहे, तिथला गेन हजारांत जातो आणि तो आयसी मायक्रोसेकंदाला ०.३ व्होल्ट इतक्या सावकाशीनं चढतो.

तुम्ही विचारलं नाही, पण तुमच्या पेडलमध्ये आणखी एक खोड आहे. गेनचा नॉब त्या ४.७ केच्या आणि ०.०४७च्या रांगेतच आहे. नॉब बंद असताना रांगेत ५०० के असतात आणि वळण ७ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे खर्ज पूर्ण. नॉब उघडत जाल तसं वळण चढत चढत ७२०वर जातं. गेन वाढवला की आवाज पातळ होतो ही तक्रार या पेडलची जुनी आहे. तो बिघाड नाही. एवढ्या गेनला खर्ज तसाच ठेवला असता तर उदगीरचं पोतं तुमच्याकडंही बडवलं गेलं असतं.

प्रश्न : आमचा गोंधळाचा संच आहे. कार्यक्रमात संबळापुढं तुणतुणं ऐकूच येत नाही म्हणून त्याला २७ मिलिमीटरची पिझो चकती चिकटवली आणि वायर सरळ मिक्सरच्या लाइनमध्ये घातली. आवाज पत्र्याच्या डब्यासारखा येतो. सूर काळी १ला लावलेला असतो. मिक्सरवर बेस पूर्ण वाढवला तर घुमायला लागतं.
— एक गोंधळी, तुळजापूर

उत्तर : तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. चकतीत दोष नाही, तुमच्या हातातही नाही.

पिझो चकती म्हणजे आवाज काढणारा कपॅसिटरच. २७ मिलिमीटरच्या चकतीची धारणा साधारण ०.०२ मायक्रोफॅरड. मिक्सरच्या लाइन इनपुटला आत १० के असतात असं धरा. १५९ भागिले १० गुणिले ०.०२, म्हणजे ७९५ हर्ट्झ. त्याच्या खालचं कमी होत जाणार. तुमची काळी १ येते २७७ हर्ट्झला. मूळ सुराचा तिसरा हिस्साच मिक्सरपर्यंत पोचतो, वरचे झणझणणारे स्वर मात्र जवळजवळ पूर्ण पोचतात. पत्रा ऐकू येतो तो त्यामुळं. बेस वाढवून भरपाई करायला गेलात की मिक्सरचा बेसचा नॉब १०० हर्ट्झच्या आसपासचं उचलतो. तिथं तुणतुणं नाहीच, संबळ आणि स्टेजच्या फळ्या आहेत.

मध्ये एक टीएल०७१ बफर म्हणून, म्हणजे चकतीवरचा मिक्सरचा भार काढायला, लावा, गेन १. ९ व्होल्टची बॅटरी, दोन १० केनं ४.५ व्होल्टचा मधला बिंदू, त्याला ४७ मायक्रोफॅरड. कुणालाही विचारलंत तर इनपुटला १ मेगाचा रेझिस्टन्स लावायला सांगतील. हिशेबानं वळण ८ हर्ट्झला जाईल आणि तुमच्या पायातल्या चाळांच्या ठोक्यासकट सगळं आत येईल. तुम्ही नाचता. म्हणून १ मेगा नको, १०० के लावा. वळण ८० हर्ट्झला येतं, सूर पूर्ण राहतो आणि फळ्यांची धडधड बाहेरच थांबते. अजून धडधड वाटली तर ४७ के, वळण १७०. त्याच्या पुढं जाऊ नका, सुराला लागेल. चकती आणि आयसी यांच्या वाटेत १ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर घाला आणि चकतीच्या दोन पायांत २.२ मेगा, म्हणजे प्लग लावताना धाडकन आवाज येणार नाही.

चकती कातड्यावर चिकटवली असेल तर काढा. कातडं जड होतं. बाजूच्या लाकडावर, तळाजवळ लावून बघा. तुणतुण्याला भोक मात्र पाडू नका; वाडवडिलांचं असेल.

प्रश्न : पेडल अडॅप्टरवर चालवलं की घुं आवाज येतो, बॅटरीवर येत नाही. ५० हर्ट्झ कापायला कुठं किती कपॅसिटर लावू?
— हिंगोलीहून एक वाचक

उत्तर : आवाजाच्या वाटेत कुठंही लावू नका. साध्या अडॅप्टरची घुं बहुधा १०० हर्ट्झची असते, कारण रेक्टिफायर लाटेचे दोन्ही अर्धे भाग वापरतो. गिटारच्या दोन जाड तारा ८२ आणि ११०ला. त्यांच्या मधून नेमकी घुं उचलून काढणारा फिल्टर दोघींनाही घेऊन जाईल. घुं जिथून येते तिथं अडवा: ९ व्होल्टच्या वाटेत १०० ओहम आणि त्यानंतर ग्राउंडला १०० मायक्रोफॅरड. वळण १६ हर्ट्झ, १०० हर्ट्झची घुं सहाव्या हिश्श्यावर. आणि ४.५ व्होल्टच्या बिंदूवरचा ४७ मायक्रोफॅरड लावलाय का ते आधी बघा. अशा दहा तक्रारींत पाच-सहा वेळा तोच विसरलेला असतो.

प्रश्न : मी परभणीत पॉलिटेक्निकला शिकते. पेडलचा फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स घरी मोजता येईल का? आमच्याकडं ऑसिलोस्कोप नाही. मोबाइलच्या ॲपवरून सूर सोडला आणि मल्टिमीटरनं मोजलं, पण वरच्या बाजूला आकडे हिशेबापेक्षा फारच कमी आले. हिशेब चुकला की पेडल?
— एक विद्यार्थिनी, परभणी

उत्तर : ताई, दोन्ही बरोबर असतील, मीटर चुकला. स्वस्त मल्टिमीटरच्या माहितीपत्रकात एसी व्होल्टसमोर साधारण ४० ते ४०० हर्ट्झ लिहिलेलं असतं. त्याच्या वर तो कमी दाखवायला लागतो. एकदा पेडल बाजूला ठेवून मोबाइलचा सूरच सरळ मीटरला दे आणि खाली दिलेल्या सातही सुरांना काय दाखवतो ते वहीत मांड. तोच तुझ्या मीटरचा रिस्पॉन्स. मग पेडलच्या प्रत्येक आकड्याला त्या-त्या हर्ट्झच्या मीटरच्या आकड्यानं भाग. जे उरेल ते पेडलचं. ३,०००च्या पुढं मीटर शून्याला टेकत असेल तर लॅपटॉपमध्ये रेकॉर्ड करून तिथली पातळी वाच, ते जास्त भरवशाचं.

मोजताना डायोडचा एक-एक पाय उचलून ठेव. डायोड जागेवर असतील तर आवाज मोठा झाला की ते कापतात आणि सगळीकडं सारखाच आकडा येतो. मोबाइलचा आवाजही कमी ठेव. गेन ११८ असेल तर ५ मिलिव्होल्टचे ०.६ व्होल्ट होतात; ९ व्होल्टच्या बॅटरीवर ३० मिलिव्होल्टलाच आयसी छताला टेकतो. सूर निवड ८२, १६५, ३३०, ७२०, १,५००, ३,००० आणि ६,००० हर्ट्झ. सात ठिपके पुरेत. आलेख साध्या कागदावर काढू नको, खालचे सगळे ठिपके कोपऱ्यात गर्दी करतील. दर दुपटीला सारखं अंतर ठेव, पेटीच्या सप्तकांसारखं.

आणि सगळं झाल्यावर डायोडचे पाय परत जोड. मी एकदा न जोडताच गिऱ्हाइकाला पेडल देऊन टाकलं होतं. तो आठ दिवसांनी येऊन म्हणाला, पहिल्यापेक्षा स्वच्छ वाजायलंय, पण पेडल लावल्यासारखं वाटत नाही.